डार्करूममधले लंगोट

सुनेनं बाथरूमच्या दिव्याचं बटण दाबलं, तशी आतून आरोळी आली, "बंद कर तो दिवा. आधी बंद कर."

बटण दाराबाहेर होतं. सुनेनं ते निमूटपणे पुन्हा दाबलं. तिच्या खांद्यावर ठकी होती. ठकीला नुकतीच मान धरता येऊ लागली होती, बाकी काही धरता येत नव्हतं, आणि त्याचा पुरावा सुनेच्या मनगटावरून कोपराकडे निघाला होता.

"बाबा, अंधारात काय करताय?"

आत सासऱ्यांनी थोडा विचार केला असावा. "लंगोट धुतोय," ते म्हणाले. मग आपलंच वाक्य आपल्या कानांनी ऐकल्यासारखं, खालच्या आवाजात, "लाव. लाव दिवा. याला काही होत नाही."

दिवा लागला. तीन पसरट टब एका ओळीत मांडलेले होते. समोर बुटक्या स्टुलावर सासरे. त्यांच्या हातात लांब चिमटा, चिमट्यात एका कोपऱ्याला धरलेला चौकोनी लंगोट, आणि चेहऱ्यावर, कुणीतरी दिवसभराचं काम नासवल्याचा भाव, जो ते महत्प्रयासानं पुसत होते.

त्यांना सगळे फोटोवाले म्हणत. खरं तर त्यांनी आयुष्यात एकही फोटो काढलेला नव्हता. फोटो काढायचे ते स्टुडिओचे मालक. हे मागच्या बिनखिडकीच्या खोलीत लाल दिव्याखाली ते धुवायचे. पहिल्या ट्रेमध्ये चित्र उमटायचं, दुसऱ्यात थांबायचं, तिसऱ्यात पक्कं व्हायचं, मग नळाखाली धुऊन चिमट्यानं दोरीला. सुकायची दोरीही तिथेच, त्याच अंधारात, कारण पुढे गिऱ्हाइकं बसत. मधेच कुणी दार उघडलं की संपलं. कुणाचं लग्न असो की कुणाचा पासपोर्ट, सगळं एकजात काळं. ओली वस्तू आणि उजेड यांची गाठ पडू द्यायची नाही, हे त्यांच्या हाडांत मुरलं होतं. दुपार कशी दिसते, हे त्यांनी साऱ्या तारुण्यात फक्त सुट्टीच्या दिवशी पाहिलं.

पुढे फोटो लोकांच्या खिशातच निघायला लागले. मालकांनी स्टुडिओ विकला. त्या गाळ्यात आता नखं रंगवून देतात. फोटोवाले घरी आले आणि घरीच राहिले.

घरी राहणं ही एक कला आहे आणि ती त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. त्यांनी कुंड्यांना पाणी घातलं. कुंड्या बुडून मेल्या. त्यांनी घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली. बायकोनं बोट कापून घेतलं. मग ते स्वयंपाकघरात बायकोच्या मागे उभे राहायला लागले. काय करतेस, असं विचारायचे, ती सांगायची, ते "अच्छा" म्हणायचे आणि तिथेच उभे राहायचे. बायको सोशिक होती, पण स्वयंपाकघर लहान होतं. हे घरी असले की घरातली एक खोली कमी होते, असं ती सुनेला म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, नुसतं मोजमाप होतं.

अशात ठकीच्या येण्याची चाहूल लागली आणि लंगोट की डायपर, हा प्रश्न घरासमोर आला.

सून लिफ्टची तपासनीस होती. कुठल्या इमारतीची लिफ्ट चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची, हे ती ठरवत असे. लिफ्ट वर कशी जाते यात तिला फारसा रस नव्हता. दोर तुटला तर ती कशाच्या आधारानं थांबते, एवढंच ती विचारी. माणसांकडेही ती बहुधा याच नजरेनं बघे. नवरा निवडला तोही, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, त्याच्यात बिघडण्यासारखे भाग कमी होते म्हणून. ती डायपरच्या बाजूची होती. रात्रभर धरून ठेवतो, असं ती डायपरबद्दल म्हणाली, आणि तिच्या तोंडून हे मोठंच प्रशस्तिपत्र होतं. मुलाचं म्हणणं, जे ठरेल ते चालेल. ठरेपर्यंत तो फोनवर बोलत गॅलरीत उभा राहणार होता.

लंगोटांना भरवसा होता तो सासूचा. घरात शिवणयंत्र, कपाटात धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या सुती चादरींचा गठ्ठा. कपड्याच्या लंगोटांची बाजू तिनं घ्यायची आणि सुनेनं नाक मुरडायचं, अशी साधारण सगळीकडे वाटणी असते. सासू म्हणाली, "डायपर आणा. चांगले ढीगभर आणा. याचे सगळे लंगोट मी धुतलेत. याच्याकडे बघून वाटतं का कुणाला, त्याचा काही उपयोग झाला म्हणून?"

मुलगा फोनवर होता म्हणून वाचला.

कपड्याच्या बाजूनं एकच मत पडलं, आणि ते ज्यांनी जन्मात लंगोटाला हात लावला नव्हता त्यांचं. फोटोवाले बाळाच्या कातडीबद्दल बोलले. हवा खेळती राहण्याबद्दल बोलले. कचऱ्याच्या डोंगरांबद्दल बोलले. शेवटी ते पृथ्वीवर आले. पृथ्वीबद्दल त्या घरात त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता, त्यामुळे सगळे जरा दचकले.

बायकोनं शांतपणे विचारलं, "धुणार कोण?"

"मी."

गॅलरीतल्या मुलानं फोन कानापासून लांब धरला.

संध्याकाळी सुनेनं सासूला बाजूला घेऊन विचारलं, की बाबांचं हे पृथ्वीचं काय आहे. सासू वाटाणे सोलत होती. "पृथ्वीचं काही नाही गं," ती म्हणाली. "त्यांना लंगोट नकोयत, नोकरी हवीय."

सुनेनं त्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला. तिची रजा संपेपर्यंत लंगोट. तोवर काही बिघाड झाला नाही तर पुढेही लंगोट. झाला तर डायपर, आणि मग चर्चा नाही. याच भाषेत ती इमारतवाल्यांशी बोलत असे आणि ते घाबरत. फोटोवाल्यांना मात्र त्यात नेमणुकीचा हुकूम ऐकू आला. त्या दिवशी त्यांनी, कुठेही जायचं नसताना, दाढी केली.

ठकी आली आणि कामाला सुरुवात झाली. चादरी फाडून बायकोनं चौकोन शिवून दिले होते. धुण्याची रीत मात्र फोटोवाल्यांची. पहिल्या टबात डाग सुटायचा, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात साधं पाणी. बोटं घालायची नाहीत, चिमटाच. चोळायचं नाही, टबाची एक कड हळू उचलायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची, म्हणजे पाणी कपड्यावरून एकसारखं फिरतं. हे करताना ते शिट्टी वाजवत. डाग नुसता गेला एवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे. कडा किती स्वच्छ आहेत ते पाहत. कधी एखादा लंगोट धुण्याआधी चिमट्यात वर धरून, आज रंग गडद आला आहे, काल फिकट होता, असं ते गंभीरपणे सांगत. "आता अल्बम करा त्यांचा," बायको म्हणायची, पण नातीचं पोट बिघडणार आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, एवढं तिनंही मान्य केलं.

बदलायचं कामही हळूहळू त्यांच्याकडेच आलं. स्टुडिओच्या पातळ भिंतीपलीकडून मालकांचा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता. ते शब्द स्वतः म्हणायची वेळ कधी आली नव्हती. आता टेबलावर उताण्या पडलेल्या, दोन्ही पाय हवेत झाडणाऱ्या ठकीला ते सांगत, "हनुवटी जरा खाली घ्या. खांदे सैल. हसायचं नाही, पासपोर्टचा आहे." ठकी हसत असे. तिचा एकही पासपोर्टचा फोटो त्यांच्या मनासारखा आला नाही.

गॅलरीशेजारची अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली होती. धुतलेल्या कपड्यांना धूळ लागायला नको, हे कारण. तिथे दुसऱ्या कुणी जायचं नाही. सकाळी ते पिळलेल्या लंगोटांची बादली घेऊन निघत आणि दुसऱ्या दिवशी आतून इस्त्री केलेली गरम चळत घेऊन येत, पत्त्यांच्या जोडासारखी एकसारखी. वाळत कुठे घालता, असं त्यांना कुणीच विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात कारण त्यांचं उत्तर जगाला एकच ठाऊक असतं.

पहिल्यांदा आला तो वास. अगदी बारीक, ओल्या पुस्तकासारखा. फोटोवाल्यांनी साबण बदलला. मग ठकीच्या मांड्यांना लाली आली. त्यांनी एक टब वाढवला. लालीवर बारीक पुरळ आली. त्यांनी पाणी उकळून घ्यायला सुरुवात केली, शिट्टी बंद झाली, चोळायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच मोडला आणि त्यांची बोटं सोलवटून निघाली. ठकी लंगोट बांधताना रडू लागली. तोवर ती त्यांच्या टेबलावर कधी रडली नव्हती.

सुनेची रजा संपत आली होती. ती रोज पुरळ बघून जाई. बायकोनं अल्बमची थट्टा बंद केली, आणि ते जास्त वाईट होतं.

एका सकाळी फोटोवाले चपला घालून बाहेर पडले. परत आले ते औषधाच्या दुकानातून डायपरचं गठुळं घेऊन. ठकीच्या मापाचे डायपर कुठले, हे विचारायला त्यांना दुकानात बराच वेळ लागला होता, कारण ते माप तोंडी सांगत नव्हते, दोन हातांनी दाखवत होते. गठुळं त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"आजपासून हे घाला," ते म्हणाले. "पोरीला त्रास होतोय."

आणि बाथरूममध्ये जाऊन ते रिकामे टब धुवायला लागले. टब स्वच्छच होते.

सुनेनं गठुळ्याकडे पाहिलं. तिला हवा होता तोच निकाल, तोही विरोधकाच्या हातचा, टेबलावर पडला होता. दुसरी कुणी असती तर तिनं पाकीट फोडलं असतं. पण बिघडलेली लिफ्ट का बिघडली हे न बघता कुलूप लावून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं साबण पाहिला, ठीक होता. पाणी पाहिलं, ठीक. चळतीतला वरचा लंगोट उचलून घडी उलगडली आणि मधला भाग गालाला लावला. इस्त्रीखाली तो आत दमट होता.

"बाबा," ती बाथरूमच्या दारात जाऊन म्हणाली, "हे वाळत कुठे घालता?"

त्यांनी तिला अडगळीच्या खोलीत नेलं. दारावर आतून जाड काळा पडदा होता. तो सारून ती आत शिरली आणि थांबली. खोलीला खिडकी होती, तिच्यावर पुठ्ठा ठोकलेला होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांवर चिमट्यांनी लावलेले ठकीचे लंगोट, एका कोपऱ्यानं टांगलेले, सारख्या अंतरावर, गुळगुळीत, कुठे सुरकुती नाही. खोली थंड होती आणि तिला ओल्या पुस्तकाचा वास होता.

"इथे का?" सुनेनं विचारलं.

"मग कुठे?"

"उन्हात, बाबा."

फोटोवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. एखाद्या शहाण्या माणसानं भलतंच काही सुचवावं आणि आपण त्याला कसं समजवावं, अशी त्यांची पंचाईत झालेली दिसली.

"उन्हात?" ते म्हणाले. "ओले असताना?"

सुनेनं ओठ मिटून धरले. मग तिनं दोरीचा आधार घेतला, दोरी हलली, सगळे लंगोट एकदम हलायला लागले आणि तिचं हसू सुटलं. हसता हसता तिनं सासूला हाक मारली. सासू पीठ लागलेल्या हातांनी आली, तिनं पुठ्ठा ठोकलेली खिडकी पाहिली, पडदा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिथेच जमिनीवर बसकण मारली. "अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "अहो, ते काळे पडतील म्हणून?" फोटोवाले आधी रागावले. मग त्यांना स्वतःचा आवाज आठवला असावा, कारण त्यांचेही खांदे हलायला लागले. पलीकडे ठकीनं एकटीला ठेवल्याबद्दल भोकाड पसरलं, तरी कुणाला चटकन उठता येईना.

पुरळ बरी होईपर्यंत काय घालायचं, हा प्रश्न उरलाच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काहीच घालू नका, मोकळं ठेवा. म्हणजे लंगोटवाले आणि डायपरवाले, दोन्ही पक्ष हरले आणि ज्या पक्षाचा कुणी विचारच केला नव्हता तो निवडून आला. पुढचे काही दिवस ठकी घरभर जमेल तिथे नागडी पडून राहिली आणि त्या काळात ती इतकी आनंदात होती, की बाकीच्यांना आपल्या कपड्यांबद्दल शंका यायला लागली. मुलाची ऑफिसची महत्त्वाची बैठक लॅपटॉपवर चालू असताना ती त्याच्या मांडीवर होती. त्या बैठकीत त्यानं पहिल्यांदाच उभं राहून आपलं मत मांडलं, असं त्याचे साहेब नंतर कौतुकानं म्हणाले.

फोटोवाल्यांनी पुठ्ठा काढला. बादली घेऊन ते गच्चीवर गेले. मागे बायको गेली. तिला बघायचं होतं. दुपारचं ऊन लख्ख पडलं होतं. त्यांनी पहिला लंगोट हातात घेतला, दोरीपाशी नेला आणि परत बादलीत ठेवला. मग पुन्हा घेतला. चिमटा लावताना त्यांनी डोळे मिटले. हे मुद्दाम नव्हतं, हात उजेडात काम करायला तयार नव्हते, म्हणून त्यांची समजूत काढायला अंधार करावा लागत होता. सगळे लावून झाल्यावर ते बाजूला उभे राहिले आणि काळं पडायची वाट बघू लागले.

काही काळं पडलं नाही. उलट, त्यांनी चार चार टबांतून काढूनही राहिलेले पिवळट ठसे बघता बघता फिके झाले. लंगोट पांढरे होत गेले, इतके, की त्यांच्याकडे बघवेना.

"आयला," फोटोवाले म्हणाले. हा शब्द ते बायकोसमोर वापरत नसत.

ती कठड्याला टेकून उभी होती. डोळ्यांवर हात धरून तिनं विचारलं, की झालं का समाधान. ते तिच्याकडे बघत राहिले. भर दुपारी, इतक्या उजेडात, इतक्या जवळून ती त्यांना फारशी दिसली नव्हती. तिच्या कपाळावर पीठ होतं.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही. हनुवटी जरा खाली घे."

बिघाड वाळवणाचा निघाला, लंगोटाचा नव्हे, म्हणून सुनेनं निकाल बदलला नाही, पण त्याला शेपूट जोडलं. घरात लंगोट, बाहेर आणि झोपेत डायपर, आणि वाळवण उन्हातच. मधूनमधून अचानक तपासणी होईल. टेबलावरचं गठुळं त्या हिशेबानं उपयोगी पडलं. डायपर कसा बांधायचा, हे फोटोवाले शिकले आणि तो इतका झटपट होतो म्हणून त्यांनी त्याला नावं ठेवली. ठरल्या दिवशी सून कामावर गेली. निघताना तिनं सासूला सूचना दिल्या, नवऱ्याला सूचना दिल्या. सासऱ्यांना दिल्या नाहीत. ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी बायकोला दोनदा सांगितली.

ऊन लागून फोटोवाले काळे झाले. गच्चीवर येणाऱ्या शेजारणींशी त्यांची ओळख झाली. डागांबद्दल त्या त्यांना विचारू लागल्या. ठकी रांगली, बसली, एक दिवस टेबलाचा पाय धरून उभी राहिली. दोरीवरची पांढरी ओळ आखूड होत गेली. पुढे प्लास्टिकची एक लाल खुर्ची आली, मधे भोक असलेली. ठकी तिच्यावर बसली आणि बऱ्याच विचारान्ती तिनं काम केलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यांनीही वाजवल्या, सगळ्यात आधी त्यांनीच. मग ते गच्चीवर गेले आणि दोरी गुंडाळून आणली.

लंगोटांची चळत कपाटात राहिली. काही दिवसांनी त्यांनी ती स्वतःच बायकोपुढे ठेवली. सुती आहेत, चांगलं पुसतील, म्हणाले. बायकोनं एक ओट्यापाशी घेतला, मुलानं एक चष्म्यासाठी, एक सुनेनं पर्समध्ये टाकला. फोटोवाले पुन्हा स्वयंपाकघरात उभे राहू लागले, पण आता ठकी त्यांच्या पायात असल्यामुळे त्यांना तिथे फार वेळ थांबता येत नसे.

एका संध्याकाळी सून कामावरून आली ती थेट बाथरूमच्या दाराशी गेली. पर्समधून तिनं तो लंगोट काढला. कुठल्यातरी लिफ्टच्या दोराचं ग्रीस त्याला लागलं होतं, काळंकुट्ट, मधोमध, बोटांच्या ठशांसकट. तिच्या ऑफिसातून हात पुसायला फडकी मिळत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"बाबा, हे निघेल का हो?" तिनं विचारलं.

फोटोवाल्यांनी लंगोट कोपऱ्याला धरून खिडकीपाशी नेला. एका बाजूनं पाहिला, उलटा करून पाहिला.

"वेळ लागेल," ते म्हणाले, आणि बाह्या वर करू लागले.